न्यायालयाच्या पायरीअलीकडचे काम

(विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



१९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सुखदास विरुद्ध अरुणाचल प्रदेश या प्रकरणात निकाल दिला. एका सहायक अभियंत्यास धमकावल्याचा आरोप सुखदासवर होता आणि खालच्या न्यायालयाने त्याला दोन वर्षांची कैद सुनावली होती. खटला चालू असताना त्याच्या बाजूने वकील नव्हता, कारण वकील देण्याची त्याची ऐपत नव्हती. उच्च न्यायालयात हा मुद्दा निघाला तेव्हा उत्तर मिळाले, की आरोपीने मोफत वकिलाची मागणी केलीच नव्हती. मागणी नाही, म्हणून त्रुटीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे मत मान्य केले नाही व शिक्षा रद्द केली. ज्याला आपला हक्कच ठाऊक नाही, तो मागणी करणार कशी, हा त्या निर्णयाचा गाभा होय.

कायद्याच्या विद्यार्थ्याने सार्वजनिक सेवा करावी, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा या एका प्रश्नाचा विचार प्रथम व्हावयास हवा. हक्क पुस्तकात आहे, त्यासाठी निधी आहे, वकिलांची नामिका आहे, कार्यालय आहे. तरीही ज्याच्यासाठी हे सारे उभे केले, तो माणूस मागणी करीत नाही. ही मागणी त्याच्या तोंडी येईपर्यंतचे जे काम आहे, ते न्यायालयाच्या पायरीच्या अलीकडचे काम आहे. सनद नसलेल्या विद्यार्थ्याला ते करता येते आणि आजवर ते सर्वांत कमी झाले आहे.

मोफत कायदेविषयक साहाय्याची कल्पना आपल्या राज्याला नवी नाही. जुन्या मुंबई राज्याने १९४९ मध्येच न्यायमूर्ती ना. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली या विषयावर समिती नेमली होती. पुढे त्यांचे पुत्र न्यायमूर्ती प्र. ना. भगवती आणि न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हाच विषय देशभर नेला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क संविधानात आला, १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण अधिनियम झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अंमलात आला. राष्ट्रीय, राज्य व जिल्हा प्राधिकरणे आणि तालुका समित्या त्यातून उभ्या राहिल्या. इतिहासाचा हा भाग परीक्षेपुरता सर्वांनाच पाठ असतो, म्हणून त्यावर अधिक वेळ घालविण्याचे कारण नाही.

मग ही व्यवस्था माणसापर्यंत पोचण्यात अडते कोठे? पहिली अडचण अगदी साधी आहे. तालुका समितीचे कार्यालय न्यायालयाच्या आवारात असते. तेथे जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि कशाची मागणी करावी हे ठाऊक नसताना कारकुनासमोर उभे राहावे लागते. दुसरी अडचण शब्दाची आहे. ‘सरकारकडून वकील मिळेल’ असे सांगितले, की खेड्यातील माणसाच्या डोळ्यांसमोर सरकारी वकील येतो, आणि सरकारी वकील तर आपल्याविरुद्ध उभा राहतो, एवढे त्याला पक्के ठाऊक असते. शिवाय फुकट मिळणाऱ्या वस्तूवर कोणाचा विश्वास बसत नाही. या गैरसमजापायी किती कुटुंबांनी बैल विकून किंवा दागिने गहाण ठेवून वकिलाची फी भरली असेल, याची नोंद कोठेही होत नाही.

तिसरी अडचण अर्धवट माहितीची होय. विधी सेवा केवळ विहित उत्पन्न मर्यादेखालील व्यक्तींसाठीच आहेत, अशी समजूत शिकलेल्या लोकांतही आढळते. अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. नवऱ्याच्या नावे दहा एकर बागायत आहे म्हणून घराबाहेर काढलेल्या स्त्रीला मोफत वकील नाकारता येत नाही. ही एवढी गोष्ट एखाद्या गावातील सर्व स्त्रियांना समजली, तरी त्या गावातील एखादी बाई माहेरी निमूट बसून राहण्याऐवजी दाद मागू शकेल.

येथे विद्यार्थ्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे वकिली करण्याचा अधिकार सनदधारकाचा आहे. विद्यार्थ्याने न्यायालयात युक्तिवाद करू नये आणि स्वतःच्या जबाबदारीवर कायद्याचा अंतिम सल्लाही देऊ नये. परंतु या मर्यादेबाहेर फार मोठे क्षेत्र मोकळे आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनी प्रत्येक विधी महाविद्यालयात ज्येष्ठ प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विधी साहाय्य केंद्र असणे आवश्यक केले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या योजनेप्रमाणे विद्यार्थ्याला सनद घेईपर्यंत विधी स्वयंसेवक म्हणून काम करता येते. २०११ च्या विनियमांनी तर महाविद्यालयांनी गाव दत्तक घ्यावे, अशीही तरतूद केली आहे. केंद्र शासनाच्या २०१७ च्या ‘न्यायबंधू’ उपक्रमातून विनामूल्य काम करू इच्छिणाऱ्या वकिलांची नोंदणी होते आणि काही विधी महाविद्यालयांत त्याला जोडून विद्यार्थ्यांची मंडळेही निघाली आहेत. सारांश, परवानगीअभावी कोणाचे काम अडलेले नाही.

कैदी आणि कागद

या कामाचे स्वरूप कसे असते, हे कारागृहाच्या उदाहरणावरून चांगले कळते. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हावयाचा होता. यांतील अनेकांना जामीन नाकारलेला नसतो. जामीन मंजूर असतो, पण जामीनदार मिळत नाही.

१९७८ मधील मोतीरामचे प्रकरण या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याने मूळ निकालपत्रातून वाचावे. मोतीराम हा मध्य प्रदेशातील गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामिनावर सोडण्याचा आदेश दिला. दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीन मागितला आणि भावाने दिलेला जामीन या कारणासाठी नाकारला, की त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. मोतीरामला पुन्हा सर्वोच्च न्यायालयाकडे जावे लागले, तेव्हा १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याची सुटका झाली. देशातील सर्वोच्च न्यायपीठाचा आदेश हाती असतानाही एका गवंड्याला तुरुंगाचे दार उघडता आले नाही. ते अडले होते जामीनदाराच्या ऐपतीवर आणि मालमत्तेच्या पत्त्यावर.

आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने या प्रश्नाला काही उत्तर दिले आहे. ज्या अपराधास देहदंड किंवा जन्मठेप नाही, अशा अपराधातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला जामिनावर सोडावयाचे असते. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या व्यक्तीसाठी हीच मुदत एकतृतीयांश आहे. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याचे कर्तव्य कारागृह अधीक्षकांवर टाकले आहे. संहिता १ जुलै २०२४ रोजी अंमलात आली. त्यापूर्वी नोंदलेल्या गुन्ह्यांतील कच्च्या कैद्यांनाही या कलमाचा लाभ मिळेल, असे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

कलम असे चांगले आहे. आता ते एका कैद्याला लागू करावयाचे झाल्यास काय लागते, ते पाहावे. अटकेची नेमकी तारीख हवी. आरोपपत्रात शेवटी कोणती कलमे राहिली, ते हवे, कारण अटकेच्या वेळची कलमे आणि आरोपपत्रातील कलमे सारखीच असतात असे नाही. पूर्वी शिक्षा झाली आहे काय, दुसरा एखादा खटला प्रलंबित आहे काय, हे पाहावे लागते, कारण एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असल्यास हा लाभ मिळत नाही. घरचा पत्ता हवा आणि त्या पत्त्यावर आज कोणी राहते काय, हेही कळावयास हवे. ही सर्व माहिती कोठे ना कोठे असते, पण एकत्र नसते. ती गोळा करणे, तारखांचा हिशेब करणे, तो विधी साहाय्य वकिलाच्या हाती देणे आणि पुढच्या तारखेला काय झाले हे कैद्याला व त्याच्या घरी कळविणे, यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. चिकाटी मात्र लागते. जिल्हा प्राधिकरणाच्या परवानगीने कारागृहातील विधी सेवा केंद्रात जाणारे चार विद्यार्थी हे काम नियमाने करू शकतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पाने १९९० पासून समाजकार्यकर्त्यांच्या साह्याने महाराष्ट्रातील कोठड्या व कारागृहांत अशा कामाची वाट घालून दिली आहे. तिचा अभ्यास विधी शाखेत व्हावा तेवढा होत नाही, ही खेदाची बाब होय.

कागदाचे महत्त्व सांगणारे आणखी एक प्रकरण आपल्याच राज्याचे आहे. १९७८ च्या हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणातील कैदी सर्वोच्च न्यायालयात पोचला, तो शिक्षा भोगून झाल्यानंतर. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि प्रत पोचल्याची त्याची सही दाखविता आली नाही. त्याची याचिका फेटाळली गेली. परंतु कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य व तत्परतेने मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. एका सहीच्या अभावातून एवढा मोठा सिद्धांत निघाला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या दोन ओळींत मात्र हरवून जाते.

गावातील प्रश्न

गावाकडे वळल्यास फौजदारी खटल्यांपेक्षा जमिनीचे आणि वारसाचे प्रश्न अधिक दिसतात. बापाच्या मृत्यूनंतर वारसनोंदीची वेळ आली, की बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत सर्वत्र आहे. पुष्कळदा त्या कागदावर काय लिहिले आहे, हे बहिणीला कोणी वाचूनही दाखवीत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला सहदायिकीचा हक्क दिला. तरी भावाशी येणे-जाणे राहावे, दिवाळी-भाऊबीज तुटू नये, म्हणून ती सही करते. तिने सही करावी की करू नये, हे सांगण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नाही. तो निर्णय तिचा आहे, आणि नाते राखण्यासाठी जाणूनबुजून हक्क सोडणाऱ्या स्त्रीला अडाणी समजणे हा शहरी उद्धटपणा होईल. तथापि तो कागद तिला सावकाश वाचून दाखविणे, त्याने काय जाईल हे समजावून सांगणे आणि विचाराला एक दिवस मागण्याचा तिला हक्क आहे हे तिच्या कानी घालणे, हे विद्यार्थ्याला करता येते. त्यासाठी खातेफोड, फेरफार, सात-बारा, आठ-अ हे शब्द त्याच्या तोंडी सहज असावे लागतात. इंग्रजी माध्यमातून कायदा शिकलेला हुशार विद्यार्थीही येथे अडखळतो. त्याने संकोच न बाळगता तलाठ्याच्या शेजारी बसून हे शब्द शिकावेत.

गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत वनहक्काचे दावे हा असाच मोठा विषय आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला हक्क मागता येतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि देशापुढे उदाहरण ठेवले. वैयक्तिक दावे मात्र अनेकदा ‘पुरावा अपुरा’ या दोन शब्दांत निकाली निघतात. वास्तविक नियमांनी पुराव्याची कल्पना फार विस्तृत ठेवली आहे. सरकारी कागदच पाहिजे, असे नाही. जुनी घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, तसेच गावातील वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदन हेसुद्धा पुरावे आहेत. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तेथील निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते. आता ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचे बोलणे, त्यातील दुष्काळाच्या, लग्नाच्या आणि मामलेदाराच्या भेटीच्या खुणा जुळवून, त्याच्याच शब्दांत परंतु कामी येईल असे लिहून काढणे, ही साक्ष नोंदविण्याची कला आहे. अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत ती शिकायला मिळत नाही, आणि त्या म्हाताऱ्याला फार दिवस थांबवूनही चालत नाही.

पुराव्याने काय साधते, याचा धडा महाडने पूर्वीच दिला आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध दिवाणी दावा दाखल झाला आणि तो उच्च न्यायालयात मार्च १९३७ पर्यंत चालला, याकडे मात्र लक्ष जात नाही. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादि काळापासून आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. दहा वर्षे तारखा, साक्षी आणि दस्तऐवज सांभाळीत हा लढा चालला. त्यांपैकी शेवटची सुमारे दोन वर्षे बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

निकालपत्र वाचणे हीदेखील सेवा होऊ शकते. देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर १९७२ मध्ये अत्याचार झाला. त्या खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांच्याजवळ होते ते निकालपत्र आणि त्यातील ‘संमती’ या शब्दाचा बारकाईने केलेला विचार. त्यातून देशभर चर्चा उसळली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील स्त्री-कैद्यांसंबंधी निर्देश दिले. त्या प्रकरणात वस्तुस्थिती जाणून घेण्यासाठी न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना कारागृहात पाठविले होते. त्यांनी स्त्री-कैद्यांशी बोलून अहवाल दिला. पत्र लिहिण्यापूर्वी बारसे स्वतः पंधरा स्त्रियांशी बोलल्या होत्या, आणि त्यांतील पाच जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांना सांगितले होते. न्यायालयाला ज्या माहितीची गरज होती, ती एका महाविद्यालयाने पुरविली.

काही पथ्ये

या कामात उत्साहापेक्षा पथ्य अधिक महत्त्वाचे आहे, कारण अर्धवट मदतीने नुकसान होते. ‘मी बघतो’ असे विद्यार्थी सहज बोलून जातो. ऐकणारा मात्र त्या शब्दावर विसंबून दुसरीकडे जात नाही आणि अपिलाची मुदत निघून जाते. म्हणून कोणतीही व्यक्ती समोर बसली, की प्रथम मुदतीची तारीख विचारावी व लिहून ठेवावी. मूळ कागद ठेवून घेऊ नयेत, प्रती काढून परत द्यावेत. निकाल असा लागेल, असे आश्वासन देऊ नये. ऐकलेली गोष्ट वसतिगृहात सांगू नये. भाजी, कोंबडी, चहापाण्याचे पैसे, यांतील काहीही घेऊ नये आणि पक्षकार आणून देण्यासाठी कोणा वकिलाशी लागेबांधे ठेवू नयेत. दत्तक गाव आणि छायाचित्रापुरते शिबिर यांतील फरकही ओळखावा. फलक, हार, दोन भाषणे आणि पत्रकांचे वाटप झाले, की मंडळी सायंकाळी परत येतात. त्या गावात पुन्हा कोणी गेले नाही, तर पुढच्या शिबिराला लोक येत नाहीत, आणि त्यांचे चुकते असे म्हणता येणार नाही.

प्राध्यापकांकडूनही अपेक्षा आहेत. विधी साहाय्य हा एका प्रात्यक्षिक विषयाच्या गुणांपुरता भाग राहिला, तर विद्यार्थी गुणांपुरतेच काम करणार. महिन्यातून दोन शनिवार, ठरलेले ठिकाण, सोबत एक अध्यापक आणि जिल्हा प्राधिकरणाचा एक नामिकेवरील वकील एवढी व्यवस्था नियमाने चालली, तरी लहान गावातील महाविद्यालयाला पुरेशी आहे. बार कौन्सिलचे नियम प्रत्येक वकिलावर गरजूंना विनामूल्य साहाय्य देण्याचे कर्तव्य टाकतात. ज्याने विद्यार्थिदशेत कारागृहाच्या खिडकीतून एका माणसाची हकीकत ऐकली असेल, त्याला हा नियम निराळा शिकवावा लागत नाही.

शेवटी एका नोंदवहीविषयी. दर वर्षी उन्हाळ्यात अंतिम वर्षाचे विद्यार्थी महाविद्यालय सोडून जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांनी हाती घेतलेली प्रकरणेही जातात. कोणाचा अर्ज कोठपर्यंत आला, कोणाला कोणता कागद आणावयास सांगितला, पुढची तारीख कोणती, हे नव्या मुलांना ठाऊक नसते. म्हणून केंद्रात एक बांधीव नोंदवही कुलपात ठेवावी. तीत व्यक्तीचे नाव, तिची अडचण, मुदतीची तारीख, केलेले काम, कोणत्या वकिलाकडे प्रकरण दिले ते, आणि निकाल एवढे रकाने असावेत. परीक्षेपूर्वी जाणाऱ्या विद्यार्थ्याने येणाऱ्याला ती ओळीने वाचून दाखवावी आणि दोघांनी सह्या कराव्यात. ज्यांचे काम अपुरे आहे, त्या प्रत्येकाला नव्या विद्यार्थ्याचे नाव कळवावे. महाविद्यालय बंद असताना अडचण आल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे किंवा १५१०० या विनामूल्य क्रमांकावर दूरध्वनी करावा, हे त्याच पत्रात ठळक अक्षरांत लिहावे.